किती टक्के परत मिळतं ते सांगा ना

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे रविवारच्या लाँग रननंतर टपरीवर भेटणारे, लग्नात कोपऱ्यात गाठणारे, सॅम्पल हातात घेऊन चवड्याकडे वाकवून बघणारे सगळेच. प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमचा बूट किती टक्के एनर्जी परत देतो?’ आणि मी तोंड उघडायच्या आत त्याला जोडून दुसरा, ‘आणि पायाची नैसर्गिक हालचाल पण जपतो म्हणता, मग दोन्ही कसं जमणार, एक काहीतरी ठरवा की.’ सात वर्षं पळायचे बूट डिझाइन करतेय, सात वर्षं हेच ऐकतेय. एकदा नीट सांगते.

बूट स्वतःच्या खिशातून काही देत नाही. तुम्ही वजन टाकता, फोम दबतो, सुटताना त्यातलं काही परत येतं, उरलेलं उष्णता होऊन जातं. ‘तो नायकेचा बूट ८७ टक्के परत देतो म्हणे’ असं तुम्ही म्हणता, तो आकडा २०१७ मध्ये आलेल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या अभ्यासातला, १८ धावपटू, तीन बूट. नायकेच्या प्रोटोटाइपचा मिडसोल, म्हणजे तळातला फोमचा थर, मशीनखाली दाबला तर दाबायला लागलेल्या एनर्जीतले ८७ टक्के परत देत होता, बाकीचे दोन बूट साधारण ७६ आणि ६५. पण धावणाऱ्याची एनर्जी वाचली सरासरी ४ टक्के. आता ४ टक्के मॅरेथॉनमध्ये प्रचंड असतात, मी नाही म्हणत नाहीये, फक्त ८७ आणि ४ यांची गल्लत करू नका एवढंच, कारण ती करूनच लोक माझ्याकडे येतात आणि मी खरा आकडा सांगितला की पडलेल्या चेहऱ्याने परत जातात.

आणि अजून एक आकडा आहे जो कोणी विचारत नाही. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत कापावे लागलेले पाय मशीनखाली दाबून हिशोब मांडला, की ७० किलोचा माणूस चांगल्या वेगात पळतो तेव्हा तळव्याची कमान एका पावलात साधारण १७ ज्यूल साठवते आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन ३५. त्या ८७ टक्केवाल्या बुटाने एका पावलात परत दिले साडेसातच्या आसपास. म्हणजे मोठी स्प्रिंग तुमच्याकडे जन्मापासून आहे, ती दबायला आणि सुटायला जागा मिळाली पाहिजे. बोटं वर वळली की तळव्याखालचा जाड पट्टा (प्लांटर फॅशिया) ताणला जातो, कमान उचलली जाते, पाय ढकलायला कडक होतो. हे सगळं बुटाच्या आत घडायचंय. पण फोमने जास्त द्यावं तर तो जाड पाहिजे, जाड आणि मऊ केला की पाय डगमगतो, डगमगू नये म्हणून तळ रुंद आणि कडक करावा लागतो, आणि कडक केला की बोटं वळत नाहीत. माझं रोजचं भांडण हे आहे. ‘एक काहीतरी ठरवा’ म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही म्हणून चिडचिड होते.

आता जे मी टाळते ते.

सुरुवातीला मी ठरवलं होतं. एक बाजू पक्की होती माझी. पातळ तळ, टाच आणि चवडा एकाच उंचीवर, रुंद पुढचा भाग, बस. जाड बूट म्हणजे पायाला घातलेलं प्लास्टर असं मी पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि ते मला मनापासून पटलेलं होतं. पहिलं चालण्यासारखं सॅम्पल झालं तेव्हा ते मी माझ्या मावसभावाला दिलं. तो साताऱ्याकडचा, पोलीस भरतीची तयारी करत होता, १६०० मीटरच्या वीस मार्कांसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर. मला वाटलं गावातला पोरगा, चपलेत आणि अनवाणी वाढलेला, याचे पाय तयारच आहेत. गेली दोन वर्षं तो जाड तळाच्या बुटात पळत होता हे मला माहीत होतं. माहीत असून मोजलं नाही.

सहाव्या आठवड्यात मी बूट तपासायला मागवले, त्याने एसटीच्या पार्सलने पाठवले. इनसोल काढून खिडकीपाशी धरला. डाव्याचा ठसा बरा होता, सगळीकडे सारखा. उजव्यात टाच जवळजवळ कोरी, आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, चवड्यावर, रुपयाएवढा काळा चकचकीत खड्डा, अंगठा फिरवला तर नखाला कडा लागत होती. आणि मी काय केलं, वहीत लिहिलं, ‘उजवा पाय चवड्यावर उतरतोय, छान.’ ती वही अजून आहे. फोन करून विचारलं दुखतंय का रे, तर म्हणाला, ‘नाही ताई, जरा जड वाटतं फक्त.’ मी म्हटलं पोटऱ्या तयार होतायत, पळत राहा, आणि बूट परत पाठवून दिले.

बाराव्या दिवशी त्याला मैदानावरून उचलून आणलं. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, हे असं होतं, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला गेलेली बारीक चीर, सुरुवातीला दिसत नाही, पण डॉक्टरांनी अंगठ्याने त्याच जागी दाबलं आणि तो ओरडला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडाभोवती कापसासारखा पुंजका होता, जुळत चाललेलं हाड. ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख तोवर होऊन गेली होती. त्याने मला नंतर सांगितलं की दुखत होतं, चौथ्या आठवड्यापासूनच, पण ताईचा पहिला बूट आहे, नाही कसं म्हणायचं. पुढच्या भरतीला तो दुकानातल्या साध्या ईव्हीए फोमच्या जाड बुटात पळाला, ग्राउंड निघालं, लेखीत राहिला. मावशी या विषयावर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि मला माहीत नव्हतं असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत युटामधला एक अभ्यास आला होता, दहा आठवड्यांत हळूहळू पातळ बुटांवर नेलेले १९ जण, त्यातल्या १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. तो पेपर मी वाचला होता. वाचून म्हटलं होतं, त्यांनी घाई केली. दहा आठवडे म्हणजे घाई, आणि मी मात्र भावाला पहिल्याच दिवसापासून पूर्ण अंतर पळायला लावलं.

मग म्हणाल, प्लेटवाला, म्हणजे फोममध्ये कार्बनची कडक पट्टी घातलेला जाड बूटच बरा. तसंही नाही हो. २०२३ मध्ये डॉक्टरांनी कार्बन प्लेटच्या बुटात पळणाऱ्या पाच खेळाडूंच्या केसेस मांडल्या, घोट्यापुढच्या नॅव्हिक्युलर हाडाला इजा. पाचच केसेस आहेत, त्यावरून सगळ्या प्लेटना दोषी धरणार नाही मी. पण चवड्यावरचा भार काढला तर तो कुठेतरी जातोच, आणि कुठे जातो ते बुटाच्या डब्यावर छापलेलं नसतं.

त्या जुन्या पोर्टफोलिओवाल्या मुलीशी मी अजून वाद घालते. पायाला काम करू द्या हे तिचं बरोबरच होतं. किती दिवसांत, कोणाच्या पायाला, कुठल्या रस्त्यावर, हे तिने विचारलं नाही. सध्या मी चवड्याखाली २० मिलिमीटर फोम ठेवते, पेबाचा (हलका, जास्त उसळीचा), प्लेट नाही, बोटं जिथे वळतात तिथे आडव्या खाचा. याने दोन्ही बाजूचे लोक नाराज होतात. हा आकडा बरोबर आहे असंही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, मागच्या वर्षी २२ होता.

एका गोष्टीवर मात्र मी हटत नाही, ती म्हणजे रुंदी. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने एक लाखाहून जास्त भारतीयांचे पाय स्कॅन केले, आपले पाय युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा रुंद निघाले. बाहेरच्या लास्टवर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बनलेला बूट चिमटतो म्हणून लोक एक साईझ वाढवून घेतात, मग बूट बोटांच्या सांध्यावर वाकायचा सोडून त्याच्या पुढे वाकतो, मग कसली हालचाल आणि कसली उसळी. मी माप घेताना कागदावर पाय दोनदा काढते, बसवून निळ्या पेनने, उभं करून लाल पेनने. काहींचा लाल निळ्याच्या बाहेर जेमतेम जातो, काहींचा करंगळीकडे अर्धा बोटभर सरकतो. दोघांना एकच टक्का कसा सांगू?

तेव्हा पुढच्या वेळी विचारायला याल तर तुमचे जुने बूट घेऊन या, धुऊ नका. इनसोल काढून आधी उजव्या चवड्याखाली बघेन, आणि कुठे दुखतंय ते खरं सांगा, मला वाईट वाटेल म्हणून लपवू नका.