कोपरभर दोरा

सुईत दोरा किती लांब घ्यायचा, याचं माप प्रत्येकाच्या अंगावरच असतं. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, फार तर त्याहून चार बोटं जास्त. त्यापलीकडे गेलात की दोरा सूड उगवतो. सारखं सारखं ओवायला नको म्हणून माणूस ऐसपैस दोन हात दोरा घेतो. मग प्रत्येक टाक्याला तो सगळा कापडातून ओढून काढावा लागतो. सुईजवळचा भाग दर टाक्यागणिक घासला जातो, त्याची लव निघते, पीळ कधी सुटतो तर कधी नको इतका चढतो. मग कापडाच्या मागच्या बाजूला हळूच एक फास तयार होतो आणि आपल्याला ते कळतं दोन टाके पुढे गेल्यावर. ओवण्याचा वाचवलेला वेळ गाठ सोडवण्यात व्याजासकट जातो.

हातशिलाईच्या या छंदातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. सावकाश जा, असा उपदेश इथे कुणी करत नाही. दोराच घाई करू देत नाही. अधूनमधून तर कापड उलटं धरून सुई नुसती लोंबकळत सोडावी लागते. ती गरगर फिरते, पीळ उतरतो आणि थांबते. तेवढा वेळ तिच्याकडे बघत बसण्यापलीकडे आपल्याला काही काम नसतं.

अलीकडे ‘स्लो स्टिचिंग’ या नावाने बरेच लोक हौसेने जे करू लागलेत, त्याला नियम असे फारसे नाहीतच. वहीच्या पानाएवढं कापड घ्यायचं, त्यावर चिंध्या मांडायच्या, हलवाहलव करायची, टाचण्या लावायच्या, आणि मग धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, गाठीचा टाका, जे मनाला येईल ते घालत सुटायचं. छापलेलं डिझाइन नाही, ट्रेसिंग नाही, कुठल्या चौकोनात कुठला रंग याचा तक्ता नाही. चिंध्यांच्या कडा दुमडल्या नाहीत तरी चालतं. उलट सुटे धागे डोकावत असले तर बरंच दिसतं. मध्येच एखादा मणी, एखादी टिकली, जुन्या शर्टाचं बटण.

कापड मात्र जुनं हवं. नव्या कापडाला खळ असते, ते सुईशी आडमुठेपणा करतं. पुष्कळदा धुतलेलं सुती कापड मऊ पडलेलं असतं, त्याचे उभे-आडवे धागे सुईला वाट करून देतात. याउलट घट्ट विणीची चादर. हाताला गुळगुळीत, दिसायला देखणी, पण तिच्यातून सुई काढताना अंगठा दुखून येतो. कापड निवडताना रंगाआधी हाताचं ऐकावं, असं माझं मत आहे. रंगाचं काय, शेजारी कुठली चिंधी ठेवता त्यावर तो बदलतो. एकटा असताना मळकट वाटणारा करडा गडद निळ्याशेजारी गेला की एकदम शहाणा दिसायला लागतो.

या सगळ्या प्रकाराचा कणा म्हणजे धावदोरा. सुई खाली, सुई वर, सुई खाली, सुई वर. यापेक्षा सोपा टाका नाही आणि जगातल्या काही फार सुंदर गोष्टी एवढ्यावरच उभ्या आहेत. बंगालमधल्या कांथा घ्या. जुन्या साड्या, धोतरं एकावर एक थरांनी घालून ती धावदोऱ्याने शिवायची, आणि दोराही पूर्वी साडीच्या काठातूनच उसवून काढायचा. टाके जवळजवळ पडले की कापडावर बारीक लाटा उठतात. त्या लाटा हाताला आधी कळतात, डोळ्याला नंतर. जपानमधली साशिको हीसुद्धा मुळात गरिबाघरची दुरुस्ती. निळीत रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्याने टाके घालून कपडा उबदार आणि टिकाऊ करायचा. तिथे सुई लांब असते. एकेक टाका न ओढता कापडच सुईवर चुण्या पाडत गोळा करतात, आणि मग दोरा ओढून झाला की बोटांनी त्या चुण्या मागे सारत कापड सपाट करून घेतात. हे सपाट करणं फार महत्त्वाचं. ते विसरलं की काम आकसतं, आणि मग कितीही इस्त्री फिरवा, ते रुसलेलंच राहतं. गंमत म्हणजे ज्यांनी ही कामं पहिल्यांदा केली त्यांना यात विरंगुळा वगैरे काही दिसला नसणार. थंडी होती, कापड फाटलं होतं, दुसरं नव्हतं. आज आपण धडधाकट कापडावर ठिगळं लावून मन रमवतो. यावर कुणी हसलं तर मी त्याला दोष देणार नाही.

हातशिलाई आणि मशीनची शिलाई यांत फरक फक्त वेगाचा आहे असं वाटतं, पण तो सुईतच आहे. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, त्यामुळे ती पूर्णच्या पूर्ण कापडातून आरपार जाते आणि दोऱ्याला मागोमाग घेऊन जाते. मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ असतं. ती कापडात घुसते, खाली दोऱ्याचा फास सोडते आणि आल्या वाटेने परत येते. खालच्या बॉबिनचा दोरा त्या फासात अडकला की टाका तयार. अमेरिकेत एलियस होवे याने १८४६ साली पेटंट घेतलं ते अशाच टाक्याचं, टोकाशी नेढं असलेल्या सुईचं. हातसुई आणि तिला धरणारा हात मात्र पूर्वी होते तिथेच राहिले. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत पक्ष्याच्या हाडाची, नेढं पाडलेली सुई सापडली आहे. ती सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीची असावी असं मानतात. तिचा फोटो पाहिला तर काही समजावून सांगावं लागत नाही. कुठल्याही शिवणाच्या डब्यात ती खपून जाईल.

टाक्यांना लागणाऱ्या दोऱ्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण नवखी मंडळी इथे हमखास वैतागतात. भरतकामाच्या लडीतला दोरा सहा पदरी असतो. त्यातले दोन किंवा तीन पदर घेऊन काम करायचं असतं. दोन पदर एकदम ओढले की उरलेले चार एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि तिथेच मोठा गुंता होतो. त्याऐवजी चिमटीत दोरा धरून एकच पदर सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली गोळा होतात, पाहून वाटतं संपलं आता सगळं. पदर निघाला की तेच पाच मुकाट्याने सरळ होतात. असे एकेक पदर सुटे करून मग हवे तेवढे पुन्हा एकत्र घ्यायचे. सुटे करून जोडलेले पदर कापडावर पसरतातही छान, टाका भरीव दिसतो. मला तर कधीकधी शिवण्यापेक्षा हे पदर काढण्यातच जास्त मजा येते.

आता मणी. टाके घालताना हाताला एक लय लागते. मणी ती मोडतो, आणि मोडतो म्हणूनच मला तो हवा असतो. दहा-बारा टाके आपोआप पडलेले असतात, मन कुठेतरी भटकत असतं, आणि मणी आला की परत यावं लागतं. सुईच्या टोकाने त्याचं भोक शोधायचं, तो सुईवर चढवायचा, खाली दोऱ्यावर घसरू द्यायचा. तो कापडाला टेकला की एवढासा टक् असा स्पर्श बोटाला कळतो.

मण्यांचे नंबर उलटे चालतात. ८ नंबरचा मणी साधारण ३ मिलिमीटरचा, ११ चा २ मिलिमीटरचा, १५ चा दीड. आकडा वाढला की वस्तू लहान. सुयांचंही तेच, १० नंबरपेक्षा १२ नंबरची सुई बारीक. म्हणजे या धंद्यात जो मोठ्या नंबराची मागणी करतो त्याची नजर चांगली आहे असं समजावं. साध्या सुईचं नेढं तिच्या अंगापेक्षा फुगीर असतं, ते मण्यात अडकतं. मण्यांची सुई म्हणूनच इतकी सडसडीत असते की काही दिवस वापरली की वाकते. वाकलेली टाकू नये. मणी उचलायला ती सरळ सुईपेक्षा बरी पडते.

मण्यांची रांग घालायची तर उलट्या टिपेचाच प्रकार करायचा. चार मणी ओवायचे, कापडावर सरळ निजवायचे आणि शेवटच्या मण्याला लागून सुई खाली घालायची. मग मागे येऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याच्या मधून ती वर काढायची आणि शेवटच्या दोन मण्यांतून पुन्हा पुढे न्यायची. पुढचे चार ओवायचे. सुई जरा आधीच खाली घातली तर रांग कमान करून उभी राहते, जरा पुढे घातली तर दोऱ्याचा तुकडा उघडा पडतो. बरोबर जागा कुठली हे शब्दांत सांगता येत नाही, पण पाचसहा ओळी झाल्या की बोटं ती विचारल्याशिवाय शोधतात.

पारदर्शक मणी लबाड असतात. डबीत एक रंग, कापडावर दुसरा, आणि आतून कुठल्या रंगाचा दोरा गेलाय त्यावर तिसरा. पांढऱ्या दोऱ्यावर फिका दिसणारा निळा मणी काळ्या दोऱ्यावर खोल होतो. नळीचे मणी तर त्याहून खट्याळ. काचेची पोकळ कांडी लांब ओढून तिचे तुकडे पाडतात. गोल मण्यांना पुन्हा आच देऊन त्यांच्या कडा गोलावतात, नळीच्या मण्यांच्या कडा मात्र पुष्कळदा तशाच राहतात आणि सुती दोरा हळूहळू कापत बसतात. यावर उपाय सोपा आहे. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक गोल मणी ओवायचा आणि दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्यायचा. त्यावरून मेणाचा खडा फिरवला तर आणखी चांगलं, दोरा कमी गुंततो.

कपड्याला मणी लावायची हौस कितपत जुनी असावी? रशियात व्लादिमीर शहराजवळ सुंगीर इथे ३०,००० वर्षांहूनही जुन्या दफनभूमीत मॅमथच्या सुळ्यांचे दहा हजारांवर मणी सापडले. एका प्रौढ पुरुषाच्या आणि दोन मुलांच्या अंगावर ते ज्या ओळींत पडलेले होते, त्यावरून ते कपड्यांना शिवलेले असावेत असं अभ्यासक म्हणतात. असा एक मणी घडवायला तासभर तरी लागत असावा, असाही त्यांचा अंदाज आहे. हिमयुगाच्या थंडीत, खायची भ्रांत असताना, कुणीतरी हजारो तास बसून हे केलं. त्यांना कुणी विचारलं असेल का, याचा उपयोग काय?

आपल्याला मात्र विचारतात. हातात भरतकामाची रिंग किंवा चिंध्यांचं पान दिसलं की पहिला प्रश्न, “काय करताय?” आणि लगेच दुसरा, “याचं करणार काय?” उशीचा अभ्रा? पिशवी? भिंतीवर लावणार? विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. उत्तर नसतं एवढंच. खरं उत्तर द्यायचं तर ‘घडी करून ठेवणार’ असं आहे. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून मी हल्ली ‘बघू, पिशवी होईल कदाचित’ म्हणते. पण पिशवी व्हायची ठरली की त्या तुकड्याचा स्वभावच पालटतो. आता तो अमुक मापाचा हवा, कडा पक्क्या हव्यात, धुण्यात टिकायला हवा. थोडक्यात, तो कामाला लागला. आणि त्याच्याबरोबर मीही.

हा छंद मन शांत करतो असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. मण्याला लागून गाठ बसली असताना माझ्या मनाची अवस्था शांत या सदरात मोडत नाही. पण हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात, त्यामुळे फोन उचलायला हात मोकळा नसतो, आणि कान मात्र मोकळे असतात. गाणं ऐका, गप्पा मारा, कुणी काही सांगत असेल तर ऐका. नजर खाली असलेल्या माणसाशी लोक बरंच मोकळं बोलतात, हाही अनुभव आहे.

शिवाय टाके बोलतातही. ब्रिटिश लष्करातला मेजर अॅलेक्सिस कॅसडाग्ली १९४१ साली जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. वेळ जाईना म्हणून त्याने कापडाच्या तुकड्यावर भरतकाम केलं, काही दोरा जुन्या स्वेटरमधून उसवून मिळवला. काम नीटनेटकं, सभ्य, चौकटीत बसवलेलं. पकडणाऱ्यांनी ते कौतुकाने प्रदर्शनात मांडलं. त्या चौकटीतले ठिपके आणि रेघा मोर्स लिपीतले होते. त्यात इंग्लंडच्या राजाला देव सांभाळो असा आशीर्वाद होता आणि हिटलरला एक सणसणीत शिवी. दोन्ही मजकूर सगळ्यांच्या नाकासमोर, छान टाक्यांत.

सुरुवात करायची तर फार काही लागत नाही. दोन-तीन जाडीच्या सुया, एक धारदार कात्री, जुनं सुती कापड, एक-दोन लड्या, थोडे ८ नंबरचे मणी. ११ नंबरचे नंतर घ्या. रिंग नसली तरी चालते. मणी ओतायला खाली मखमलीचा किंवा फ्लॅनेलचा तुकडा पसरा, म्हणजे ते पळत नाहीत आणि सुईच्या टोकाने सहज उचलता येतात. डबीच्या बाबतीत मात्र काटकसर नको. आट्यांचं झाकण असलेलीच घ्या. दाबून बसवायच्या झाकणाची डबी जोर लावल्याशिवाय उघडत नाही, आणि उघडते तेव्हा सगळीच उघडते.