चित्राखालची ओळ

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांसाठी आमच्या शाळेत चित्रकलेचे जादा तास होत असत. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा सराव आटोपला की आमचे कलाशिक्षक ग्रंथालयातून एखाद्या चित्रकाराचे सचित्र चरित्र मागवून घेत आणि उरलेला वेळ केवळ पाहण्यासाठी राखून ठेवत. पुढे मी मुद्रणव्यवसायात आले आणि चित्रांची पुस्तके छापणे हेच माझे काम झाले. त्या कामाचे पहिले शिक्षण मला या तासांत मिळाले, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या पुस्तकांविषयीच लिहीत आहे.

सरांचा एक आग्रह असे. चित्राखाली बारीक टाइपात छापलेली ओळ आधी मोठ्याने वाचायची: वर्ष, माध्यम, उंची-रुंदी, संग्रहालय. ‘मोनालिसा’ आणि पिकासोचे ‘गेर्निका’ पुस्तकात सारख्याच आकाराच्या पानांवर येतात. प्रत्यक्षात पहिले चित्र ७७ × ५३ सेंटिमीटरचे आहे, तर १९३७ साली रंगवलेले दुसरे जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. सरांनी सभागृहाच्या फरशीवर खडूने ‘गेर्निका’ची चौकट आखली आणि आम्हां सर्वांना तिच्या आत उभे केले. सगळा वर्ग मावला आणि तरीही जागा उरली. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या एका गावासाठी चित्रकाराला एवढे मोठे चित्र का रंगवावेसे वाटले असेल, हे मला त्या चौकटीत उभे राहिल्यावर उमगू लागले.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पुस्तकावर मात्र आम्ही कित्येक आठवडे रेंगाळलो. त्याचे चित्रकार म्हणून आयुष्य जेमतेम दहा वर्षांचे, त्यामुळे पाने क्रमाने उलटत गेले की रंगांत होणारा बदल डोळ्यांसमोर घडतो. १८८५ सालच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्रात मातकट काळोख आहे, दिव्याच्या उजेडात बसलेले शेतकरी कुटुंब आहे. ज्या हातांनी ही माणसे ताटातले उचलत आहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे मला दाखवायचे होते, अशा आशयाचे त्याने आपल्या धाकट्या भावाला, थिओला, लिहिले होते. नंतर पॅरिस येते, मग दक्षिण फ्रान्समधले आर्ल, आणि १८८८ च्या ऑगस्टमध्ये पिवळ्यावर पिवळा चढवत रंगवलेली सूर्यफुले. कान कापून घेतल्याची हकिगत बहुतेक चरित्रे रंगवून सांगतात. आमचे सर ते पान चटकन उलटत आणि त्याच सुमाराच्या चित्रांकडे आमचे लक्ष वेधत. त्यांचे ते करणे योग्यच होते, असे माझे आजही ठाम मत आहे.

१८९० च्या जुलैत व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत थिओही गेला. व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली शेकडो पत्रे जपून, लावून १९१४ साली प्रसिद्ध केली ती थिओची पत्नी जोहाना हिने. तिने ती जपली नसती, तर आमच्या हातातल्या पुस्तकात चित्रांशेजारी चित्रकाराचे स्वतःचे शब्द आलेच नसते. सतराव्या शतकातला डच चित्रकार फर्मिअर याच्या बाबतीत अशी पत्रेच उपलब्ध नाहीत. त्याची म्हणून ओळखली जाणारी चित्रेही पस्तीसच्या आसपास आहेत, आणि त्याच्यावरच्या पुस्तकात चरित्राची पाने थोडकी असणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

ललित कला अकादमीच्या छोट्या पुस्तिकांनी भारतीय चित्रकारांची ओळख करून दिली. बुडापेस्टमध्ये जन्मलेली, पॅरिसमध्ये शिकलेली अमृता शेरगिल १९३६ च्या अखेरीस अजिंठ्याला आली, त्यानंतर दक्षिणेत फिरली आणि १९३७ मध्ये तिने ‘वधूचा शृंगार’ व ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे रंगवली. त्यांतले तांबडे, गेरूसारखे रंग अजिंठ्याच्या लेण्यांतून आलेले आहेत, हे सर दोन पुस्तके शेजारी उघडी ठेवून दाखवत. वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती लाहोरात वारली. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘वधूचा शृंगार’समोर प्रथम उभी राहिले, तेव्हा शाळेतल्या पुस्तिकेतील छपाई किती फिकी होती ते कळले, तरीही आकृत्यांची मांडणी मला पूर्ण पाठ होती, आणि ती त्या फिक्या छपाईनेच पाठ करून घेतली होती.

आता छपाईच्या माझ्या कामात चार शाईंच्या ठिपक्यांतून मूळ रंगाच्या जवळ जायचे असते, म्हणून आम्ही प्रूफ भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा तपासतो. जोडपानावर चित्र पसरले की त्याचा मधला भाग बांधणीच्या घडीत जातो, म्हणून शक्यतो मी ते एका पानातच बसवते, मग चित्र लहान झाले तरी चालेल. चित्राखालची ओळ गाळण्याला मी कधीही संमती दिलेली नाही.

धुरंधर, हळदणकर, आबालाल रहिमान या आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांवर अशी सुबक, कालक्रमाने चित्रे देणारी मराठी पुस्तके शाळाशाळांतून असावीत, अशी माझी तळमळ आहे. हळदणकरांची दिवा धरलेली स्त्री असंख्य घरांत छापील चित्राच्या रूपाने पोचली. ते चित्र जलरंगातले असून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, हे मात्र त्या छापील प्रतींवर क्वचितच लिहिलेले असते. अशा पुस्तकांसाठी मी सध्या माहिती जमवत आहे. आपल्या घरी जुन्या मराठी चित्रकाराचे एखादे मूळ चित्र असल्यास त्याची उंची-रुंदी, माध्यम आणि मागील बाजूस काही लिहिलेले असल्यास तो मजकूर माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या ग्रंथालयाकडे कळवावा, अशी माझी नम्र विनंती आहे.