काकांच्या संगणकावर मिंट : पाचवा आठवडा

इंदूरच्या रामबागेतल्या काकांचा संगणक विंडोजवरून लिनक्सवर, म्हणजे दुसऱ्या एका मोफत संगणकप्रणालीवर नेतोय, हे मागे सांगितलं होतंच. यंत्रात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 8 जीबी रॅम. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. चांगलं चालतं यंत्र भंगारात द्यायचं मला पटेना. सिल्व्हर मॉलमधून 240 जीबीची एसएसडी आणली आणि तिच्यावर लिनक्स मिंट 22 (लिनक्सचाच एक प्रकार), सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपसह टाकलं. जुनी हार्डडिस्क विंडोजसकट आत तशीच ठेवली, म्हणजे काकांना धीर राहील.

इन्स्टॉलेशन विनातक्रार झालं. कामं निघाली ती त्यानंतर.

पहिल्या आठवड्यात घड्याळ. काकांनी सकाळी नऊला विंडोज उघडलं, तर वेळ पहाटेचे साडेतीन. मी मदरबोर्डवरचा सेल बदलला, तरी तेच. मग लक्षात आलं की फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे जागतिक वेळ लिहितं, आणि दोघं एकमेकांचं लिहिलेलं आपल्या पद्धतीने वाचतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘timedatectl set-local-rtc 1’ एवढी एक ओळ दिली आणि प्रश्न मिटला. दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन : “अरे, सी ड्राइव्ह कुठे गेली?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. वीस वर्षं ज्या माणसाच्या डोक्यात घराच्या खोल्यांसारखे सी, डी, ई बसलेत, त्याला ‘लिनक्समध्ये असे ड्राइव्ह नसतात, सगळं एकाच झाडाला लागलेलं असतं’ असं सांगून भागत नाही. मी डाव्या पट्टीत ‘जुनी डिस्क’ नावाचा बुकमार्क करून दिला. लगेच पुढची अडचण : तिथल्या फाइली उघडायच्या, पण सेव्ह होत नव्हत्या. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की बंद करतानाही डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते, आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं. विंडोजमध्ये जाऊन तो पर्याय बंद केला.

काकूला मात्र काहीच अडलं नाही. तिला फायरफॉक्स लागतो, तो जागेवर होता.

तिसरा आणि चौथा आठवडा पूर्ण कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टात गेला, आणि इथे जरा थांबून लिहितो, कारण मध्य प्रदेशातल्या आपल्या प्रत्येक मराठी घरात हे येणार आहे. काकांची नोकरी सरकारी, टायपिंग रेमिंग्टनचं, म्हणजे जुन्या हिंदी टाइपरायटरच्या कळरचनेचं. मंडळाची पत्रं, गणेशोत्सवाचे हिशेब, आजीच्या आठवणी, सगळं मराठी कृतिदेवात. मिंटवर पहिली फाइल उघडली तेव्हा काका गप्पच झाले. ‘भारत’ असेल तिथे एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं. “माझं लिहिलेलं गेलं का रे?” असं त्यांनी विचारलं, तो आवाज अजून कानात आहे.

गेलेलं काहीच नसतं. कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणारी आजची पद्धत त्यात नाही. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाइल आणली, डबल क्लिक करून इन्स्टॉल केली, लिब्रेऑफिस (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) पुन्हा उघडलं, पत्रं परत दिसली. पण हे तात्पुरतं. आता एकेक फाइल युनिकोडमध्ये नेतोय. कृतिदेवात पहिली वेलांटी व्यंजनाआधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण ‘करणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ असे शब्द मी डोळ्यांनी तपासतो. मूळ फाइली हलवलेल्या नाहीत.

उरला प्रश्न बोटांचा. इनस्क्रिप्ट ही दुसरी कळरचना शिका असं मी सुचवलं, ते चुकलंच. काकांची बोटं चाळीस वर्षांची तयार आहेत. त्यांनी का बदलावं? लिनक्समध्ये इतर भाषांत टाइप करायची आय-बस नावाची सोय असते, तिच्यात एम-17-एन या संचातला हिंदी रेमिंग्टन आहे, तो जोडला. विंडोजची कळ आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. पहिल्या दिवशी काकांनी अर्धं पान लिहिलं.

आणखी एक : लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी केली आणि नोटो सान्स देवनागरी हा युनिकोड फॉन्ट लावला, तर ल आणि श मराठी वळणाचे झाले. मी काही सांगितलं नव्हतं. काकांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “हा आपला ल आहे.”

या आठवड्यात प्रिंटर. जुना लेझर आहे, संगणकाला दिसतो, पण कागद बाहेर येत नाही. ड्रायव्हर निर्मात्याचा वेगळा टाकावा लागेल असं दिसतंय. तोवर काका पीडीएफ करून मला पाठवतात, मी इकडे छापून संध्याकाळी देऊन येतो. 61 फाइली युनिकोडमध्ये झाल्या, आजीच्या आठवणींची वही अजून बाकी आहे. ती घाईने करणार नाही.