एवढी वस्ती होणार, हे कळलं नव्हतं का?

पाणीपुरवठ्यात नोकरी केली, एवढं समजलं की लोक हमखास विचारतात, "साहेब, एवढी वस्ती होणार हे तुम्हाला कळलं नव्हतं का?" टँकरच्या बिलाचं मला सांगू नका. मीही पुण्याला नव्यानं जोडलेल्या त्याच गावांच्या भागात राहतो, आमच्या सोसायटीतही टँकरच येतो.

कळलं होतं. योजना तीस वर्षांपुढची लोकसंख्या धरून आखतात. अंकगणिती वाढ, म्हणजे दर दशकाला तेवढीच माणसं वाढतात असं धरलं, तर आकडा लहान येतो; भूमितीय, म्हणजे दर दशकाला त्याच टक्क्यानं वाढतात असं धरलं, तर फुगतो. हद्दीबाहेरच्या एका गावाचा आराखडा माझ्याकडे होता. शेतांत फक्की मारून प्लॉट पाडलेले दिसत होते, म्हणून मी मोठा आकडा धरला. वरिष्ठांनी विचारलं, "हे प्लॉटवाले जनगणनेत आहेत का?" नव्हते. मोठा आकडा म्हणजे मोठी जलवाहिनी, मोठी टाकी, आणि तो खर्च मंजुरीत बसेना. वरिष्ठ म्हणाले, "फाईल परत येईल, मग दोन उन्हाळे गेलेच समजा." सरपंच केबिनमध्येच बसले होते. म्हणाले, "साहेब, पुढं येणाऱ्यांचं पुढं बघू. आमच्या बायका आत्ता विहिरीवर उभ्या आहेत." मी आकडा खाली आणून सही केली. वेगळं मत टिपणात लिहिलं, ते फाईलला आहे. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

वर ग्रामीण योजनेचा मापदंड तेव्हा माणशी दिवसाला 40 लिटर, शहराचा 135. म्हणजे माणसं माझ्या हिशोबाइतकीच आली असती, तरी फ्लॅटमध्ये राहायला लागल्यावर पाणी तिपटीहून जास्त लागलंच असतं. मग 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. इमारतींना परवानग्या मिळतच होत्या, सोबत बिल्डरचं हमीपत्र की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. फ्लॅट घेताना ते कुणी वाचलं? मीही नाही.

"आणखी एक धरण बांधा," हेही ऐकतो. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्याच्या धरणसाखळीतलं पाणी दौंड-इंदापूरच्या उसालाही जातं. मुंढव्याहून प्रक्रिया केलेलं सांडपाणी कालव्यात सोडायचं, त्याच्या बदल्यात धरणाचं पाणी शहराला, असा वर्षाला साडेसहा टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) बेत होता. शेतकरी म्हणतात, पाणी घाण येतं. त्यांना खोटं कसं म्हणू? आणि 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे नव्या आराखड्याचा हिशोबही 2011 पासूनच सुरू करायचा.

नोकरीला नुकताच लागलेला मी आज समोर आला तर म्हणेल, सही करायला नको होती. म्हणू दे. पण मग त्या बायकांनी आणखी किती उन्हाळे विहिरीवर काढायचे होते, तो आकडाही त्यानेच सांगावा.