एक ओळ उडवली आणि

डूम या शूटिंग गेमचा जुना डेमो, म्हणजे आधी खेळलेल्या डावाचं रेकॉर्डिंग, लावला तर आपला हिरो भिंतीला धडका मारतोय, समोर कुणी नाही तरी गोळ्या झाडतोय, आणि मी नुसता बघत बसलो.

दुपारी गेमच्या कोडमध्ये फक्त साफसफाई केली होती हो. गेममध्ये नवीन काही तयार झालं की आधी कुठल्या प्लेयरकडे बघायचं ते रँडम ठरवणारी एक ओळ आहे, म्हटलं एकटा खेळताना हिचा काय उपयोग, उडवली. कंपाइल झालं, गेम चालला, मी खूश.

पण डेमोत व्हिडिओ नसतोच. सेकंदाला 35 वेळा प्लेयरने काय केलं तेवढंच असतं, बाकी सगळं गेम त्यावरून पुन्हा घडवतो. आणि रँडम म्हणजे 256 आकड्यांचा ठरलेला तक्ता, दर वेळी पुढचा आकडा. मी एक आकडा घेणं बंद केलं आणि मागचा सगळा हिशोब सरकला, राक्षस भलतीकडेच चालायला लागले!

1997 साली डूमचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून किती जणांनी ती ओळ बघून, डोकं खाजवून तशीच सोडली असेल.

ओळ परत टाकली. वर कमेंट लिहिली, हात लावू नका.

तुमच्या कोडमध्ये आहे का अशी एखादी?