विटेचा पत्ता: ओस्तिया आन्तिकाचे फोटो काढताना आणि जपताना

ओस्तिया आन्तिकातल्या भिंतीचा फोटो काढला आणि ती कुठल्या इमारतीतली हे लिहून ठेवलं नाही, तर घरी आल्यावर हातात नुसता विटांचा फोटो उरतो. रोमच्या या जुन्या बंदरात विटांच्या भिंतींना तोटा नाही. आठवड्याने स्वतःचेच फोटो ओळखू येत नाहीत.

नोंदीचं महत्त्व इथे जास्त आहे, कारण या गावाचं उत्खननच घाईत झालं. १९४२च्या जागतिक प्रदर्शनासाठी गाव तयार हवं म्हणून १९३८ ते १९४२ या काळात पुरातत्त्वज्ञ ग्वीदो काल्झा यांच्या देखरेखीखाली फार मोठा भाग उकरला गेला. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. कामाच्या वेगापुढे नोंदी तोकड्या पडल्या, अनेक भिंती पुन्हा रचल्या गेल्या. त्यामुळे जुनी वीट कुठे संपते आणि विसाव्या शतकातली डागडुजी कुठे सुरू होते, हे ज्यात दिसतं तो फोटो सुंदर फोटोपेक्षा जास्त कामाचा.

पत्ता आयता मिळतो. गावाचे पाच विभाग, विभागात इन्सुला म्हणजे इमारतींचे गट, आणि गटात इमारतीचा क्रमांक. १९५३ सालच्या स्थलवर्णनात छापलेली ही क्रमांकपद्धत आजही सगळे वापरतात. नेपच्यूनचं स्नानगृह म्हणजे २, ४, २. नाट्यगृहामागचा व्यापारी संघांचा चौक २, ७, ४. इमारतीत शिरण्याआधी पहिला फोटो नकाशावर बोट ठेवून काढावा, दुसरा दारातून पूर्ण खोलीचा, आणि मग तपशील. कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं हेही लिहावं. मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका. त्यात पाच मीटरची चूक सहज होते, आणि तेवढ्यात आपण शेजारच्या दुकानात जाऊन पोहोचतो.

आता उजेड. इटलीच्या २००४च्या सांस्कृतिक वारसा संहितेतलं कलम १०८ नफ्याशिवाय, अभ्यासासाठी फोटो काढायला मुभा देतं. अट अशी की वस्तूला स्पर्श नको, तिच्यावर दिव्याचा झोत नको आणि आवारात ट्रायपॉड नको. म्हणजे फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बाद. तिरपा उजेड लागणार तो सूर्याकडूनच घ्यायचा. कोरीव अक्षरं किंवा विटेवरचा शिक्का वाचायला सूर्य त्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जायला हवा, साधारण १० ते १५ अंशांनी. समोरून ऊन पडलं की अक्षरं सपाट होतात. भिंतीचं तोंड कुठे आहे ते होकायंत्रात बघून तिची वेळ आदल्या रात्री ठरवावी. हे शिक्के शोधण्यासारखे आहेत. काहींवर कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या त्या वर्षाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं असतात, आणि पेटिनस व अप्रोनियानस ही जोडी दिसली की ती वीट इसवी सन १२३ची.

भिंतीच्या बांधणीचा फोटो मात्र ढगाळ उजेडात किंवा पूर्ण सावलीत घ्यावा. ओस्तियातल्या छत्रीसारख्या पाइनच्या झाडांची कवडशांची सावली विटांवर पडली की चुन्याचा सांधा आणि सावली यांतला फरक कळत नाही. नंतर संगणकावर ते सुधारत नाही, थांबावंच लागतं. मोजपट्टी उभी आणि भिंतीला समांतर धरावी. विटांचे पाच थर आणि चुन्याचे पाच थर मिळून किती सेंटिमीटर भरतात, हे काळ ठरवताना लागतं, म्हणून निदान तेवढा भाग सरळ समोरून हवा. २४ मिमीची लेन्स वर तिरकी केली की भिंत मागे झुकते आणि माप चुकतं. ५० मिमी लावून मागे सरकावं. जागाच नसेल तर एकावर एक ६० टक्के येतील असे अनेक फोटो काढून जोडावेत. प्रत्येक चौकट दोनदा, मोजपट्टीसह आणि तिच्याशिवाय.

नेपच्यूनच्या स्नानगृहातलं सुमारे १८ मीटर लांबीचं काळंपांढरं मोझेक, म्हणजे बारीक तुकड्यांची चित्रं असलेली फरशी, रस्त्यालगतच्या उंच सज्जावरून टिपता येतं. भर उन्हात फोटोत पांढरे तुकडे जळून जातात, म्हणजे त्यांचा तपशील उरत नाही, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाईलमध्येच, काढावं. रंग उठून दिसावेत म्हणून मोझेकवर पाणी ओतायची जुनी सवय अजून काहींना आहे. कृपा करून ते करू नका. ओल सुकताना क्षार वर येतात, शेवाळ धरतं आणि तुकडे सुटतात. हिवाळ्यात काही मोझेकं कापड आणि वाळूखाली झाकलेली असतात. तेव्हा त्या झाकणाचाही तारखेसकट फोटो घ्यावा.

भारतातून जाणाऱ्यांची एक चूक नेमाने होते. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहतं. इटली हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. सावलीवरून वेळ ताडायची तर हा घोळ महागात पडतो. पहिल्याच दिवशी मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवला की नंतर सगळ्या फाईलींची वेळ एकदम सरकवता येते.

संध्याकाळी कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हीकडचे चेकसम (प्रत हुबेहूब आहे का हे दाखवणारे आकडे) जुळवा, आणि मगच कार्ड पुसा. तिसरी प्रत दुसऱ्या शहरात किंवा क्लाउडवर. फाईलच्या नावात पत्ता रोमन आकड्यांत लिहू नका. संगणक अक्षरक्रमाने लावतो, त्यामुळे रोमन नऊ (IX) रोमन पाचच्या (V) आधी येतो. साधे आकडे, पुढे शून्य लावून, २-०७-०४ असे, मग तारीख, मग क्रम. रॉ फाईल कधीही बदलू नये. तिच्यावरून १६ बिटची टिफ आणि बघण्यापुरती जेपेग काढावी. वर्णन फाईलच्या आतच, आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोच्या फाईलमध्ये माहिती साठवायच्या ठरलेल्या, रकान्यांत भरावं, कारण वेगळी वही किंवा एक्सेल फाईल फोटोपासून पहिल्याच स्थलांतरात तुटते. इमारतीचं इटालियन नाव जसंच्या तसं ठेवून खाली मराठी वर्णन लिहावं, म्हणजे शोध दोन्हीकडून लागतो.

सोमवारी ओस्तिया बंद असतं. इतर दिवशी पोर्ता सान पाओलो स्थानकातून निघणारी लोकल अर्ध्या तासात पोहोचवते. दार उघडताच आत शिरावं, कारण घासून जाणारं सकाळचं ऊन फार वेळ टिकत नाही.