तीन हजार शंभर

फोंडा, श्रावणातला सोमवार

"बाय, एवढ्याने पुरेल मगो?" असे भाजलेल्या रुग्णाच्या आवयने, म्हणजे आईने, मी ठरवलेल्या त्याच्या आहाराबद्दल विचारले आणि मी तत्काळ "पुरेल" म्हणाले. तो शब्द अजून सलतो आहे.

वजन 60 किलो, भाजलेले शरीर 40 टक्के. भाजलेल्या रुग्णाची कॅलरीची गरज काढणाऱ्या करेरीच्या सूत्राप्रमाणे दर किलोला 25 आणि दर टक्क्याला 40 कॅलरी, म्हणजे दिवसाला 3100. हे सूत्र 1970 च्या दशकात अवघ्या 9 रुग्णांवरून मांडले गेले आणि ते बहुधा गरजेपेक्षा जास्त आकडा देते, हे ठाऊक असताना मी कोणत्या बळावर "पुरेल" म्हणाले? श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून खरा खर्च सांगणारे यंत्र आमच्याकडे नाही. कमी दिले तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळते आणि लावलेली त्वचा धरत नाही. जास्त दिले तर साखर चढते, यकृतात चरबी साठते आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताना व्हेंटिलेटरवरून सुटू पाहणाऱ्या रुग्णाची दमछाक होते. राउंडला सगळे आकडा विचारतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. मागे उरलेली शंका मात्र माझ्या एकटीची असते. दादाला हे सांगायला फोन उचलला होता, पण राहू दे.

ते 60 तरी कोठून आले? सलाईनने सुजलेल्या देहाचे वजन हिशेबात धरता येत नाही, म्हणून मी आवयला विचारले होते. काजूच्या हंगामात बिया विकायला गेला तेव्हा दुकानातल्या काट्यावर सहज उभा राहिला होता, असे तिने सांगितले. म्हणजे माझ्या सूत्राचा पायाच तिच्या आठवणीवर उभा आहे, आणि हे ध्यानात आल्यावर मन थोडे निवळले. अंदाज आम्हा दोघींचा आहे आणि तो रोज दुरुस्त करता येतो. टोरोंटोचे सूत्र तेच करते: अंगातला ताप, भाजल्यापासूनचे दिवस आणि आदल्या दिवशी प्रत्यक्ष पोटात गेलेल्या कॅलरी धरून आकडा नव्याने काढायचा.

ड्रेसिंगसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी नळीतला आहार तासन् तास बंद राहतो, त्यामुळे कागदावरचे 3100 त्याच्यापर्यंत पोहोचतातच असे नाही. उद्या सिस्टरांकडून बंद राहिलेले तास आधी लिहून घेईन, ताप पाहीन, मग नवा आकडा मांडीन. आवयने पुन्हा विचारले, तर आजच्यापुरते हे योग्य वाटते आणि उद्या पुन्हा पाहू, असे तिला सांगेन.